भुताचा पत्ता काय? नवीन हॉरर कॉमिक्स कुठली वाचायची ते सांगते

तर तुझा प्रश्न असा, की जपानी हॉररवाला जुन्जी इतो वाचून झालाय, धारप-मतकरी घरातच होते म्हणून तेही झाले, आता नवीन हॉरर कॉमिक्स हवीत, पण नुसतं रक्त आणि किंकाळ्या नकोत, आजूबाजूला जे चाललंय त्यावर काहीतरी बोलणारी हवीत, इंग्रजी चालेल, बजेट फार नाही. आणि जाता जाता लिहिलंयस की तुमची परळची चाळ पाडली, सध्या संक्रमण शिबिरात आहात. हे शेवटचं तू सहज लिहून गेलास, पण मी यादी त्यावरूनच लावलीय.

आधी उत्तर, मग गप्पा. एकच घेणार असशील तर 'इन्फिडेल' घे. दोन घेणार असशील तर दुसरं 'दीज सॅव्हेज शोअर्स'. तिसऱ्याचे पैसे निघाले तर खाली वाचून तूच ठरव.

मी कॉमिक्सचं लेटरिंग करते, १५ वर्षं झाली. म्हणजे चित्रकाराचं झालं, रंग झाले, सगळ्यांनी आपापले दिवस खाल्ले की शेवटी फाइल माझ्याकडे येते आणि म्हणतात परवा प्रेसला जायचंय. पात्रांचं बोलणं ज्यात असतं ते बलून, निवेदनाच्या कॅप्शन, दाराचा आवाज, हाड मोडल्याचा आवाज, हे सगळं डोंबिवलीत जेवणाच्या टेबलावर बसून मी बसवते, बाजूला कुकरच्या शिट्ट्या चालू. त्यामुळे मी कॉमिक वाचते ते जरा उलटं, आधी शब्द कुठे ठेवलेत ते बघते, मग चित्र, मग गोष्ट. हॉररमध्ये ही सवय फार कामाला येते कारण भीती बहुतेक वेळा जिथे बलून नाही तिथे असते.

आता 'इन्फिडेल'. २०१८ ला इमेज कॉमिक्सनं काढलं, पाचच अंक, एका पुस्तकात संपतं. लेखक पोर्नसाक पिचेटशोट, चित्रं ॲरन कॅम्बेलची, रंग होसे व्हिलारुबिया यांचे. आयेशा नावाची अमेरिकन मुस्लिम बाई, नवरा होऊ घातलेला गोरा, त्याची लहान मुलगी, त्याची आई, असे सगळे एका बिल्डिंगमध्ये राहायला येतात. त्या बिल्डिंगमध्ये काही महिन्यांपूर्वी स्फोट झालेला, माणसं मेलेली. आता तिथे काहीतरी आहे आणि ते जे आहे ना ते द्वेषावर पोसलं जातं. बस एवढीच कल्पना. पण बघ, लेखकानं किती हुशारीनं केलंय, आयेशाला जे दिसतं ते भूत आहे की शेजाऱ्यांच्या नजरेनं तिचं डोकं फिरायला लागलंय हे तिलाच कळत नाही, आणि आपणही तिच्याबरोबर अडकतो. सासू सुधारायचा प्रयत्न करतेय. खरंच करतेय का? मैत्रिणी म्हणतात तू उगाच सोडून देतेस, ही म्हणते तुम्ही उगाच ताणता. पानंच्या पानं मित्रमंडळी नुसती वाद घालतात, कोण रेसिस्ट, कोण नुसता घाबरलेला, आणि वाद रंगात आला की मागच्या अंधारात काहीतरी हललेलं असतं. माणसं अगदी फोटोसारखी साधी, जिन्यात भेटतील अशी, आणि भुतं मात्र सडलेल्या मांसाच्या रंगाची, खरवडल्यासारखी, जणू दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातून इथे घुसली. अर्ध्यावर जे होतं ते सांगत नाही, पण तिथे मी पुस्तक बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

हे मला एवढं का लागलं त्याला कारण आहे. २०११ च्या आसपास मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण दोघी मिळून रूम शोधत होतो, सायनपासून मुलुंडपर्यंत. ब्रोकर जागा दाखवायचा, नळाला पाणी किती वाजता येतं सांगायचा, डिपॉझिटचं बोलणं व्हायचं, चहा सांगायचा, आणि मग अगदी शेवटी विचारायचा, "आणि मॅडम, तुमचं नाव काय म्हणालात?" ती नाव सांगायची. मग तो फोन कानाला लावून जिन्यात जायचा आणि परत येऊन म्हणायचा की मालकाचा आत्ताच मेसेज आला, जागा गेली. एकदा नाही, सहा वेळा. सहाव्या वेळी मैत्रीण हसायला लागली, म्हणाली माझ्या नावातच पावर आहे बघ, उच्चारलं की फ्लॅट गायब. 'इन्फिडेल' ज्या शहरात घडतं तिथे मी कधी गेलेली नाही पण तो जिना मला माहितीय.

म्हणून कुठलंही हॉरर कॉमिक हातात आलं की मी आधी भुताचा पत्ता विचारते. भूत राहतं कुठे, ती जागा आधी कोणाची होती, आत्ता कोणाच्या नावावर आहे, आणि तिथून कोणाला काढलं. या प्रश्नांना उत्तर असेल तर त्यात सामाजिक भाष्य वगैरे आपोआप येतं, वेगळं चिकटवावं लागत नाही. आणि उत्तर नसेल तर मग एखादं पात्र मधेच उठून भाषण देतं. अशी भाषणं मला बसवावी लागतात म्हणून सांगते! एका बलूनमध्ये पंचवीसेक शब्दांच्या वर गेलं की तो बलून नाही राहत, पाटी होते, आणि हल्ली अशी पाटीवाली कॉमिक्स भरपूर येतात. राक्षस समोर उभा आहे आणि हिरोईन त्याला भांडवलशाही समजावून सांगतेय, तोपर्यंत राक्षस बिचारा थांबलेला. राक्षसाची दया येते मला.

आपल्याकडे तर ही पद्धत जुनीच आहे, म्हणजे भुताची माहिती काढायची. माझी आजी देवगडकडची, तिच्याकडे भूत नुसतं भूत नव्हतंच कधी. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो मुंजा, पिंपळावर राहणार. बाळंतपणात बाई गेली तर हडळ. खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत, समंध म्हणजे ज्याचा जीव जमिनीत नाहीतर पैशात अडकलाय तो. मेल्यावरसुद्धा जात, लिंग, सातबारा काही सुटत नाही. एवढा तयार मालमसाला असताना मराठीत या धर्तीचं धड एक जाडजूड कॉमिक माझ्या कपाटात नाही, याची मला लाज वाटते, त्यावर शेवटी येते.

'दीज सॅव्हेज शोअर्स' हे राम व्ही आणि सुमित कुमारचं, व्हॉल्ट कॉमिक्स, २०१८-१९, हेही पाच अंक. राम व्ही मूळचा मुंबईचा, आता लंडनला असतो. गोष्ट १७६६ ची. लंडनमध्ये नको ते उद्योग करून बसलेला एक उमराव व्हँपायर, त्याला जहाजात बसवून मलबार किनाऱ्यावर पाठवून देतात, म्हणजे आपल्याकडचा मुलगा बिघडला की मामाकडे पाठवतात तसं. त्याला वाटतं इथे अडाणी लोक, मजा आहे, हवी तेवढी शिकार. आणि इथे त्याच्या आधीपासूनचं, त्याच्यापेक्षा कितीतरी जुनं काहीतरी राहतंय. बाजूला ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराचे रस्ते हवेत, हैदरअलीशी लढाई तोंडावर आलेली. व्हँपायर कोण आणि कंपनी कोण, दोघं एकाच जहाजानं आलेत, दोघांनाही आमंत्रण लागतं आणि आत आले की घर त्यांचं. हे लेखक एकदाही बोलून दाखवत नाही, म्हणून मला आवडतं.

लेटरिंग आदित्य बिडीकर यांचं, आणि इथे मला थोडं धंद्याचं बोलू दे. बरीचशी पानं नऊ चौकटींची आहेत, तीन बाय तीन, सारख्या मापाच्या. बराचसा मजकूर पत्रांमधून येतो, म्हणजे कॅप्शनला पत्राचा बाज. आता नऊ छोट्या चौकटी आणि वर लांब पत्र, कागदावर ऐकायला सोपं वाटतं पण करून बघ, कुठेतरी चेहरा झाकला जातो, कुठेतरी हात. इथे एकही महत्त्वाची गोष्ट झाकलेली नाही. आणि नाचाची पानं बघ, त्या नऊ चौकटी तालासारख्या वाजतात, धा धिं धिं धा असं मोजत वाचलं तरी चालेल. हे पुस्तक फोनवर वाचू नकोस. एक चौकट एक चौकट करून फोन दाखवतो आणि सगळा ताल मरतो.

राम व्हीचंच अजून एक आहे, 'रेअर फ्लेवर्स', २०२३ ला सुरू झालं, चित्रकार फिलिपे आंद्रादे. त्यात बकासुर आहे, आपला महाभारतातला, आता सूटबूट घालून फिरतो आणि त्याला खाण्यावर डॉक्युमेंटरी काढायचीय. एक अपयशी फिल्मवाला पोरगा त्याच्यासोबत. मधे मधे खऱ्या रेसिपी आहेत. खूप सुंदर पुस्तक, पण तुला हवं तसं बोचणारं नाही, हे पोट भरल्यावर वाचायचं. याच जोडीचं 'द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार' मुंबईत घडतं, मृत्यूदेवतेची नोकरी जाते आणि ती इथे येऊन पडते. पण ते हॉरर नाही. सगळे हॉरर म्हणून सुचवतात, ऐकू नकोस, तसंच घे आणि वाच.

आता 'ईट द रिच'. लेखन सारा गेली यांचं, पियस बाक चित्रकार, बूम स्टुडिओज, २०२१. कायदा शिकायला निघालेली जोई बॉयफ्रेंडच्या घरी सुट्टीला जाते, गर्भश्रीमंतांची कॉलनी, समुद्र, पार्ट्या, सगळे फार गोड वागतात. नावावरून तुला कळलंच असेल कोण कोणाला खातं, फक्त ते उलटं आहे. मी हे रहस्य फोडत नाहीये, पहिल्याच अंकात कळतं. खरी भीती कळल्यानंतरची आहे. कारण तिथल्या नोकरांना सगळं माहिती आहे. पगार चांगला आहे, विमा आहे, पोरांच्या शिक्षणाचं बघतात. करार वाचून सही केलीय. तुझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी अशा करारावर सही केली असेल, मीही केलीय, फक्त आमच्यात शेवटी जेवायला घेत नाहीत.

हे वाचताना मला एक लिफ्ट आठवत होती. ताडदेवच्या एका टॉवरमध्ये एका बाईंकडे काम दाखवायला गेले होते, पाठीवर चित्रांची नळी, वॉचमननं बघितलं आणि न विचारता मागच्या लिफ्टकडे हात केला. मी काही बोलले नाही, उशीर झालेला. आत एक मावशी होत्या, हातात भाजीच्या पिशव्या. मी सवयीनं केस नीट करायला आरसा शोधत होते तर त्या म्हणाल्या, "इकडच्या लिफ्टला आरसा नाय लावत ताई, पुढच्याला हाय." बस. एवढंच. पण त्या पुस्तकाच्या कलरिस्टला कोणीतरी ही लिफ्ट दाखवायला हवी होती असं वाटतं मला. पुस्तकात एक कमी आहे, शेवट फार घाईत उरकलाय, पाचव्या अंकात सगळ्यांना जणू ट्रेन पकडायचीय. तरी वाच.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासावरचं हॉरर हा तर आता वेगळा मोठा कप्पाच झालाय. त्यातलं पहिलं घ्यायचं ते 'बिटर रूट', डेव्हिड वॉकर, चक ब्राऊन आणि सॅनफर्ड ग्रीन. १९२४ चं न्यूयॉर्कमधलं हार्लेम, सांगेर्ये नावाचं कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा, द्वेषानं राक्षस झालेल्या माणसांना बरं करायचं. मारायचं की बरं करायचं यावरून घरातच भांडण, आणि ते भांडण हीच खरी गोष्ट आहे. पुढे दुसऱ्या जातीचे राक्षस येतात ते द्वेषातून नाही तर दुःखातून झालेले, ज्यांनी सोसलं त्यांच्यातून. इथे मला लेखकांना दाद द्यावीशी वाटते, कारण सोसणारा कायम देवमाणूसच असतो असं दाखवणं सोपं असतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात काळ्यांची अख्खी वस्ती जाळली होती, त्याची सावली गोष्टीवर आहे. अंकांच्या मागे लेख आहेत, ते वगळू नकोस. मारामारी मात्र मस्त, ग्रीनची रेघ उड्या मारते. २०२० चं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मोठं पारितोषिक, मिळालंय याला, चालू मालिकांमधलं सर्वोत्कृष्ट म्हणून.

आणि 'डिस्ट्रॉयर', व्हिक्टर लाव्हालचं, २०१७. फ्रँकेन्स्टाईनच्या वंशातली काळी शास्त्रज्ञ बाई, तिचा बारा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीनं गेलाय, ती त्याला परत उठवते. फ्रँकेन्स्टाईननं बनवलेला जुना राक्षसही अंटार्क्टिकातून परत येतो. चित्रं मला मध्यम वाटली पण आईचा राग काय लिहिलाय. एकदाच वाचलं, परत उघडवत नाही.

भुताला पत्ता हवा म्हटलं मी, पण एक पुस्तक असं आहे ज्यात भूत कुठेच राहत नाही, ते फॉरवर्ड होतं. 'द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ', जेम्स टायनियन आणि मार्टिन सिमंड्स, २०२० पासून. कल्पना अशी की पुरेशा लोकांनी एखादी थाप खरी मानली की ती हळूहळू खरीच व्हायला लागते, पुरावे उगवतात, साक्षीदार उगवतात. आणि एक सरकारी खातं आहे ज्याचं काम म्हणजे हे होऊ न देणं. खात्याचा साहेब कोण तर ली हार्वी ओस्वाल्ड, केनेडींच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर होता तो. पृथ्वी सपाट आहे इथून सुरुवात. आता आपल्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत काय काय येतं ते आठव आणि मग रात्री हे वाच. माझ्या एका काकांनी पाठवलेलं, मुलं पळवणारी टोळी आली आहे, फोटोसकट, आणि त्यांच्या सोसायटीनं दोन महिने बोहारणींना गेटच्या आत घेतलं नाही. टोळी नव्हती. बोहारणींचा धंदा मात्र खरा बुडाला. चित्रं मुद्दाम अस्पष्ट आहेत, डाग पडल्यासारखी, पहिल्या वीस पानांत वैताग येतो, नंतर कळतं का ते. लेटरिंग पुन्हा आदित्य बिडीकर. मधे मधे फार बोलतं हे पुस्तक, दोन माणसं गाडीत बसून नुसती बोलतायत, पण ती बडबड थापांबद्दलच असल्यामुळे मी माफ केलं.

याच टायनियनचं 'द नाइस हाऊस ऑन द लेक', चित्रकार आल्व्हारो मार्तिनेझ ब्युएनो, २०२१, बारा अंक. एक मित्र दहा जणांना तळ्याकाठच्या आलिशान बंगल्यावर बोलावतो, आणि बाहेर जग संपतं. आत सगळं मिळतं. लॉकडाऊनमध्ये कोण कुठे अडकलं होतं आणि कोण चालत गावाला निघालं होतं हे आपण बघितलंय, त्यामुळे जास्त काही सांगत नाही. स्वस्तात मिळालं तर आधी हेच घे, कारण सुरू केलं की सुटत नाही.

बायकांच्या अंगाबद्दल, आठवणीबद्दल काही हवं असेल तर 'द लो, लो वुड्स', कार्मेन मारिया मचाडो आणि दानी. कोळशाच्या खाणीचं गाव, जमिनीखाली आग धुमसतेय वर्षानुवर्षं, आणि गावातल्या बायकांच्या आठवणी गायब होतात. दोन मुली थिएटरमध्ये जाग्या होतात, मधले तास गेलेले. पेनसिल्व्हेनियात सेंट्रालिया नावाचं खरंच असं गाव आहे, १९६२ पासून खाली आग. आपलं झारखंडातलं झरिया तर १९१६ पासून जळतंय, त्यावर कोणी कॉमिक काढेल तर मी फुकट लेटरिंग करीन, लिहून ठेव.

आणि एक पुस्तक आहे ज्याच्यासाठी तू पैसे साठवच. 'माय फेव्हरेट थिंग इज मॉन्स्टर्स', एमिल फेरिस. पहिला भाग २०१७, दुसरा २०२४. शिकागो, १९६० चं दशक संपत आलेलं, दहा वर्षांची कॅरेन स्वतःला लांडगामुलगी म्हणून काढते कारण तिच्या वस्तीत मुलगी असण्यापेक्षा राक्षस असणं तिला बरं वाटतं. वरच्या मजल्यावरची शेजारीण मरते, ही तपास करते, आणि तपास करता करता थेट नाझी जर्मनीपर्यंत पोचते. सगळं पुस्तक रेघी वहीत बॉलपेननं काढल्यासारखं आहे, आडव्या निळ्या रेघा, बाजूला समासाची रेघ. फेरिसना चाळिशीत वेस्ट नाइल व्हायरस झाला, पाय आणि उजवा हात लुळे पडले, पेन हाताला टेपनं चिकटवून त्या परत चित्र काढायला शिकल्या. मी हे पुस्तक भिंग घेऊन बघितलंय. एकेका गालावर शंभर शंभर रेघा आहेत, पेन दाबलेलं, उचललेलं कळतं. चौकटी जवळजवळ नाहीतच, अक्षर चित्रात शिरतं, माझ्या धंद्याचे सगळे नियम मोडलेत आणि एकही शब्द वाचायचा राहत नाही. जाडजूड आहे, ट्रेनमध्ये उभ्यानं वाचायच्या लायकीचं नाही, चौथी सीट मिळाली तरी नाही.

जपानी-कोरियन फार लांबवत नाही. 'द समर हिकारू डाइड' घे, मोकुमोकुरेन यांचं. डोंगरातलं लहान गाव, दोन मित्र, आणि एकाला कळतं की दुसरा आता 'तो' राहिलेला नाही, त्याच्या जागी काहीतरी आलंय, आणि तरीही सोडवत नाही. गावाची बंद तोंडं, म्हाताऱ्यांच्या कुजबुजी, मुलांना स्वतःबद्दल जे बोलता येत नाही ते, सगळं आहे. यातले आवाज बघ, रातकिडे पानभर पसरलेत. कोरियन 'हेलबाऊंड' देव, झुंड आणि मोबाइलचा कॅमेरा याच्याबद्दल आहे, कुणाला पाप लागलं हे ठरवणारे लोक भुतांपेक्षा भारी. सिरीज बघितली असशील तरी पुस्तक वाच.

तू 'नवीन' म्हणालास म्हणून एक चिमटा काढते. हॉररवाल्यांनी समाजावर बोलणं ही आजकालची फॅशन अजिबात नाही. ईसी कॉमिक्स म्हणून कंपनी होती, अमेरिकेत, १९५० च्या सुमाराची, 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'वाली. त्यांनीच १९५३ मध्ये एक अंतराळाची गोष्ट छापली, निळ्या आणि नारिंगी यंत्रमानवांचा ग्रह, नारिंग्यांना सगळं, निळ्यांना बसच्या मागची जागा. पृथ्वीवरून तपासणीस येतो, बघतो, नापास करतो, निघतो, आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो तर तो काळा माणूस. दरम्यान १९५४ ला कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून सिनेटसमोर सुनावण्या झाल्या, सेन्सॉर कोड आला. १९५६ ला हीच गोष्ट परत छापायला गेले तर कोडवाले म्हणाले माणूस काळा नको. म्हणजे व्हँपायर-बिंपायरवर तर बंदी होतीच, आता काळा माणूसही नको. कंपनीनं ऐकलं नाही, तशीच छापली. २०२४ पासून ओनी प्रेसनं ईसीचं नाव घेऊन नवीन अंक सुरू केलेत, 'एपिटाफ्स फ्रॉम द अबिस' हॉररवालं. एकेका अंकात छोट्या छोट्या गोष्टी, काही फुसक्या काही जबरदस्त. सुटे अंक इथे मिळायला त्रास, संग्रह बघ.

मिळायचं म्हणशील तर असं कर. नवी पुस्तकं ऑनलाइन मागवताना भाव रोज बदलतो, विशलिस्टमध्ये टाकून ठेव, पडला की उचल. किंडलवर सेलमध्ये अर्ध्याच्याही खाली येतात पण टॅब असेल तरच, दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर बघणं म्हणजे खिडकीच्या फटीतून गणपती बघणं. किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टच्या फुटपाथवर नशीब लागतं, मला तिथे पावसात भिजलेली, फुगलेली पण पूर्ण पुस्तकं मिळालीत. तिथे लेखकाचं नाव विचारू नकोस, "भूतवाली कॉमिक, मोठी साइज" असं विचार. कॉमिक कॉनला शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा, परत न्यायचं ओझं नको म्हणून भाव उतरतात.

आता ती लाजेची गोष्ट. मराठीत. गेल्या वर्षी मी आणि माझा एक चित्रकार मित्र, आम्ही ठरवलं की रडायचं बास, आठ पानांचं एक करू. माझी पहिली अडचण गोष्टीची नाही, अक्षराची आली. इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल, चौकोनी ठोकळा होतो, बलूनमध्ये छान बसतो. आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, जोडाक्षर आलं की ओळ फुगते, दोन ओळींत अंतर वाढवा, अंतर वाढवलं की बलून वाढतो, बलून वाढला की चित्रकार ओरडतो. ओरडणं दाखवायला कॅपिटल नाही, मग शिरोरेघच थरथरती केली. पण आवाजात मात्र आपण राजे आहोत. इंग्रजीवाले दाराला एक 'क्रीक' लावून मोकळे होतात, माझ्याकडे कर्रर्र आहे, किर्र आहे, करकर आहे, कुरकुर आहे, आणि प्रत्येकाचं दार वेगळं, बिजागरी वेगळी. पिंपळाची सळसळ वेगळी आणि झावळ्यांची खसफस वेगळी. दोन दिवस मी नुसती दारंच ऐकत होते घरातली.

गोष्ट तुझ्या जवळची आहे म्हणून सांगते. चाळीच्या मागच्या अंगणात पिंपळ, पिंपळावर मुंजा, शंभर वर्षं राहतोय, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. रिडेव्हलपमेंट येतं. सगळ्यांचे कागद तपासतात, पात्र-अपात्र याद्या लागतात, झाडाच्या बुंध्यावरच कुणीतरी यादी चिकटवतं. मुंजा खाली उतरून रात्री यादी वाचतो. त्याचा पुरावा सगळ्यांपेक्षा जुना, पण त्याच्याकडे रेशनकार्ड नाही, लाइटबिल नाही. वय आठ, म्हणजे अर्ज पालकांनी करायचा. सहा पानं झालीत. सातव्या पानावर तो चाळ कमिटीच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभा राहतो, आणि तिथे आम्ही तीन आठवडे अडकलोय, कारण मित्र म्हणतो क्लार्कनं वर बघून किंचाळायला हवं आणि मी म्हणते त्यानं मान वरच करू नये, नुसतं टोकन पुढे सरकवावं. तू संक्रमण शिबिरात आहेस, तुला काय वाटतं ते सांग. आणि माझी 'इन्फिडेल' हवी असेल तर डोंबिवलीला येऊन ने, फक्त आत जिथे पान दुमडलंय ते मी दुमडलेलं आहे, तिथे थोडा वेळ थांबून पुढे जा.